न्यू फ्रान्समधील घराण्याची अब्रू, सामाजिक दर्जा आणि निषिद्ध लग्ने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सतराव्या-अठराव्या शतकांतील फ्रेंच वसाहतींविषयी वाचणाऱ्यांना एक गोष्ट हमखास खटकते. नव्या मुलुखात, जंगल तोडून वसवलेल्या गावांत, जिथे माणसेच मोजकी होती, तिथे कोणाचे लग्न कोणाशी व्हावे यावरून एवढी भांडणे का व्हावीत? खालील प्रश्न याच कुतूहलातून येतात. उत्तरे मुख्यतः न्यू फ्रान्सच्या (उत्तर अमेरिकेतील फ्रेंच वसाहतीच्या) कॅनडा भागापुरती, म्हणजे सेंट लॉरेन्स नदीकाठच्या क्वेबेक, त्र्वा-रिव्हिएर आणि मॉन्ट्रियल या तीन गावांपुरती आणि त्यांच्या परिसरापुरती आहेत. १६०८ मध्ये शाम्प्लँने क्वेबेक वसवले आणि १७६३ च्या पॅरिस तहाने हा मुलूख अधिकृतपणे इंग्रजांकडे गेला. त्या दरम्यानचा हा काळ आहे.

लग्नाला कोणाची परवानगी लागत असे?

आईवडिलांची, आणि तीही बराच काळ. फ्रान्सचा राजा दुसरा आँरी याने १५५६ मध्ये हुकूम काढला की मुलगा तीस वर्षांचा आणि मुलगी पंचवीस वर्षांची होईपर्यंत आईवडिलांच्या संमतीवाचून लग्न केल्यास त्यांना वारसाहक्कातून बेदखल करता येईल. १५७९ च्या ब्ल्वाच्या वटहुकमाने त्यात भर घातली : चर्चमध्ये लग्नाची आगाऊ जाहीर घोषणा हवी, चार साक्षीदार हवेत, आणि अल्पवयीन मुलाला किंवा मुलीला फूस लावून लग्न करणे हा देहदंडाचा गुन्हा. १६३९ मध्ये तेराव्या लुईने हे नियम आणखी आवळले. हाच कायदा पुढे समुद्रापार वसाहतीत लागू झाला.

वयाची अट पार केलेल्यांचीही पूर्ण सुटका नव्हती. त्यांनी नोटरीमार्फत आईवडिलांना ‘आदरपूर्वक विनंती’ करायची, आणि नकार आला तरी ती पुन्हा करायची, अशी रीत होती. अशी विनंती रीतसर केल्यानंतर मात्र वडिलांना वारसा तोडण्याचे कारण उरत नसे. तिशी उलटलेला मुलगा नोटरीला सोबत घेऊन बापाच्या दारात उभा राहतो आणि लग्नाची मागणी कागदावर नोंदवून घेतो, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की घराण्याची अब्रू तिथे किती कागदोपत्री बाब होती ते कळते.

चर्चचेही हेच म्हणणे होते का?

नाही. या विषयाचे मर्म याच फरकात आहे आणि बहुतेक सोप्या लेखांतून ते निसटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॅथलिक चर्चच्या त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये असे ठरवले की लग्न वैध होण्यासाठी पॅरिशचा (म्हणजे त्या भागातल्या चर्चचा) धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार हजर असले पाहिजेत. पण आईवडिलांच्या संमतीवाचून झालेले लग्न अवैध ठरवावे ही फ्रेंच दरबाराची मागणी परिषदेने मान्य केली नाही. चर्चच्या दृष्टीने लग्नाचा संस्कार वधूवर एकमेकांना देतात. दोघांनी मनापासून दिलेला होकार हाच त्याचा गाभा. राजाच्या दृष्टीने लग्न हा दोन घराण्यांमधला, मालमत्तेचा आणि दर्जाचा व्यवहार होता, आणि त्यात शेवटचा शब्द बापाचा. एकाच राज्यात, एकाच जोडप्यावर, हे दोन्ही कायदे एकाच वेळी लागू होते. एरवी ते एकमेकांना धरून चालत. बिशप आणि गव्हर्नर दोघेही बापाच्याच बाजूने उभे राहत. पण दोहोंमध्ये एक फट राहिली होती, आणि धीट जोडप्यांनी ती शोधून काढली.

‘गोमिन’ लग्न म्हणजे नेमके काय?

त्या फटीतून केलेले लग्न. सतराव्या शतकात जिल्बेर गोल्मँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने आपले लग्न या मार्गाने केले आणि त्याच्या नावावरून ‘आ ला गोमिन’ हा शब्दप्रयोग रूढ झाला.

पद्धत अशी. रविवारची किंवा सणाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू आहे. चर्च भरलेले आहे. धर्मगुरू वेदीकडून वळून लोकांकडे तोंड करतात. तेवढ्यात बाकांमधून एक तरुण आणि एक तरुणी उठतात, सोबत आणलेले दोन साक्षीदारही उठतात. तरुण मोठ्याने म्हणतो की मी हिला पत्नी म्हणून स्वीकारतो; तरुणी म्हणते की मी यांना पती म्हणून स्वीकारते. दोन वाक्ये, आणि झाले. धर्मगुरूने आशीर्वाद दिलेला नाही, त्याला आधी कळवलेलेही नाही, कदाचित तो संतापाने लाल झाला आहे. पण तो हजर होता आणि त्याने ऐकले. त्रेंतच्या नियमाला हवी होती ती त्याची हजेरी. त्याची मर्जी हवी असे त्या नियमात कुठे म्हटलेले नव्हते.

१७११ च्या जानेवारीत क्वेबेकजवळच्या बोपोर गावात लुई द मोंतेलेओं या अधिकाऱ्याने असेच लग्न केले. प्रकार वाढत चालले तेव्हा बिशप सां-व्हालिये यांनी १७१७ मध्ये खास पत्रक काढून अशी लग्ने करणाऱ्यांना धर्मबहिष्काराची शिक्षा फर्मावली. मात्र ही लग्ने झालीच नाहीत असे म्हणणे बिशपांनाही जड होते. म्हणून पुष्कळदा जोडप्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा रीतसर विधी लावण्यावर प्रकरण मिटे.

बेगों घराण्याचे प्रकरण एवढे का सांगितले जाते?

कारण त्यात विरोध करणारे घराणे वसाहतीतले जवळपास सर्वात मोठे होते.

मिशेल बेगों हा चौदाव्या लुईचा आरमारी प्रशासक. १६८० च्या दशकात तो कॅरिबियन बेटांवर इंटेंडंट, म्हणजे न्याय, पोलीस आणि पैसा यांचा मुख्य अधिकारी होता. वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्युमिये याने एका वनस्पतिगटाला त्याच्या नावावरून ‘बेगोनिया’ हे नाव दिले. आपल्याकडच्या रोपवाटिकांत जो बेगोनिया सर्रास मिळतो आणि ज्याची एक रानजात पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर फुलते, त्याच्या नावामागचा माणूस तो हाच. त्याचा मुलगा, त्याचेही नाव मिशेल, १७१० नंतर न्यू फ्रान्सचा इंटेंडंट झाला. धाकटा मुलगा क्लोद-मिशेल, जन्म मार्टिनिकचा, सैन्याधिकारी म्हणून कॅनडात होता.

क्लोद-मिशेलचे मन जडले एलिझाबेथ रॉकबेरवर. ती मॉन्ट्रियलची, जन्म १६९६ चा. तिचे वडील एतिएन रॉकबेर हे मॉन्ट्रियलच्या राजकोठाराचे भांडारपाल होते. घर खाऊनपिऊन सुखी होते आणि मानही होता, पण बेगोंच्या तोलामोलाचे नव्हते. इंटेंडंटच्या भावाने भांडारपालाची मुलगी करावी, तीही वसाहतीत जन्मलेली, हे बेगोंच्या घरात कोणालाच रुचले नाही. एका इरोकुआ (तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका समूहातल्या) मुलीशी लग्न करावे तसेच हे, असा त्यांचा सूर होता. एलिझाबेथ अर्थातच इरोकुआ नव्हती, तिचे कुटुंब फ्रेंच वंशाचे होते. त्या एका शब्दात तिच्या जन्मभूमीचा आणि तिथल्या मूळ रहिवाशांचा अपमान एकत्र सामावला होता.

आता कायद्याकडे पाहा. क्लोद-मिशेलने पस्तिशी गाठली होती आणि वडील १७१० मध्येच वारले होते. वडिलांच्या संमतीचा प्रश्न त्याच्या बाबतीत उरलाच नव्हता. तरीही त्याची वाट अडली, कारण थोरल्या भावाचा शब्द वसाहतीत चालत होता आणि अधिकाऱ्याला लग्नासाठी वरिष्ठांची परवानगी लागत असे. अखेर दोघांनी गोमिनचा मार्ग धरला. मॉन्ट्रियलमधील त्यांच्या लग्नाची तारीख १९ डिसेंबर १७१८ अशी दिली जाते. बिशपचे धर्मबहिष्काराचे पत्रक निघून जेमतेम दीड वर्ष झाले होते. ही तारीख वाचताना मला दर वेळी त्या बावीस वर्षांच्या मुलीच्या धैर्याचे कौतुक वाटते, कारण फसले असते तर नाव तिचे जाणार होते, इंटेंडंटच्या भावाचे नव्हे.

अधिकाऱ्यांना गव्हर्नरची परवानगी कशासाठी लागे?

अधिकाऱ्याचा पगार तुटपुंजा असे आणि त्याने गरीब घरात लग्न केले तर विधवा व मुले शेवटी सरकारच्या गळ्यात पडत, हे एक कारण. दुसरे असे की फ्रान्सहून पाठवलेल्या खानदानी तरुणांनी वसाहतीत ‘खालच्या’ घरांत सोयरिकी केल्या तर त्यांच्या घरच्यांच्या तक्रारी थेट वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या आरमार मंत्र्यापर्यंत जात. गव्हर्नर अशा वेळी दूर देशीच्या बापाची भूमिका बजावत असे.

एक गोष्ट मात्र इथे सांगितलीच पाहिजे. वसाहतीचा सर्वात गाजलेला गव्हर्नर फ्रोंतनाक याने स्वतः १६४८ मध्ये पॅरिसमध्ये आन द ला ग्रांज हिच्याशी, तिच्या वडिलांचा विरोध असताना, गुपचूप लग्न केले होते. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

राजालाच वसाहतीत लवकर लग्ने हवी होती, मग हा विरोध कसा?

हवीच होती. १६६३ मध्ये राजाने कॅनडाचा कारभार स्वतःकडे घेतला तेव्हा तिथे जेमतेम तीन हजार फ्रेंच होते, त्यांतही पुरुषांचाच भरणा. म्हणून १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत सुमारे आठशे तरुणी राजाच्या खर्चाने पाठवण्यात आल्या. त्यांना ‘राजाच्या मुली’ म्हणतात. विशीच्या आत लग्न करणाऱ्या मुलाला आणि सोळाच्या आत लग्न करणाऱ्या मुलीला वीस लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) बक्षीस, दहा मुले असणाऱ्या बापाला वर्षाला तीनशे लिव्र, आणि वेळेवर मुलांची लग्ने न करणाऱ्या बापाला दंड, असाही हुकूम निघाला.

म्हणजे एक कायदा म्हणतो तीस वर्षांपर्यंत बापाला विचार, आणि दुसरा म्हणतो वीसच्या आत उरकून टाक. सामान्य शेतकऱ्याला हा विरोधाभास जाणवलाच नसेल, कारण त्याच्याकडे जमीन होती, कामाला हात हवे होते आणि बापही घाईतच होता. मालमत्ता आणि हुद्दा जिथे होता तिथेच पहिला कायदा बोचत असे. ‘राजाच्या मुलीं’पैकी अनेकींना वडील नव्हते. त्यांतल्या काहींनी नोटरीपुढे केलेला करार मोडून दुसऱ्याशी लग्न केल्याच्या नोंदी आहेत. बाप नसणे हे एरवी दुर्दैवच. त्या थोड्या आठवड्यांपुरते ते त्यांना निवडीचे स्वातंत्र्य देऊन गेले.

सामाजिक दर्जा जन्मानेच ठरत होता का?

फ्रान्समध्ये बव्हंशी जन्माने, कॅनडात थोडे सैलपणे. शार्ल ल म्वान हा दिएपच्या एका खानावळवाल्याचा मुलगा. तो कॅनडात आला, इरोकुआ भाषा शिकला, फरच्या व्यापारात पैसा केला, आणि १६६८ मध्ये राजाने त्याला सरदारकीचे पत्र दिले. त्याचा मुलगा १७०० मध्ये लोंगीचा बॅरन झाला. दोन पिढ्यांत खानावळीपासून बॅरनपर्यंत! शिवाय फ्रान्समध्ये व्यापार केला की सरदारकी बुडत असे, तर १६८५ मध्ये राजाने कॅनडाच्या सरदारांना व्यापाराची मुभा दिली, कारण त्यावाचून त्यांची चूल पेटत नव्हती.

दर्जा असा नवा, नाजूक आणि पैशावर तोललेला होता, म्हणूनच सोयरिकीत त्याची एवढी जपणूक होती असे माझे मत आहे. शंभर पिढ्यांची खानदानी एका लग्नाने बुडत नाही. कालपरवा मिळालेली बुडू शकते.

तिथे हुंडा होता का?

होता, पण आपल्याकडे ‘हुंडा’ म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येते त्याहून वेगळा. वसाहतीत ‘पॅरिसचा रिवाज’ हा दिवाणी कायदा होता. लग्नापूर्वी नोटरीकडे करार होई आणि त्यावर दोन्हीकडचे नातेवाईक सही करत; प्रतिष्ठित घरांत गव्हर्नर आणि इंटेंडंटही सही करायला येत, आणि कोणी सही केली हाच मानपानाचा भाग असे. त्या एका कागदावरून दोन्ही घराण्यांची पत कळत असे. लग्नानंतरची कमाई नवराबायकोची सामायिक, म्हणजे विधवेला निम्मा वाटा. शिवाय ‘दुएर’ म्हणून नवऱ्याच्या वडिलोपार्जित मिळकतीच्या निम्म्या भागाचे उत्पन्न तिला हयातभर मिळे. कागदपत्रांत ती माहेरचेच नाव लावी.

एखाद्या मुलीची फसवणूक झाली तर न्याय मिळत असे का?

समोर कोण आहे त्यावर ते अवलंबून होते. वर उल्लेखलेल्या शार्ल ल म्वानचा मुलगा पिएर, म्हणजे पुढे लुइझियानाचा (दक्षिणेकडच्या मिसिसिपी खोऱ्यातल्या फ्रेंच वसाहतीचा) संस्थापक म्हणून प्रसिद्ध झालेला दिबेर्व्हिल. १६८६ मध्ये मॉन्ट्रियलच्या झान-जनव्हिएव्ह पिकोते द बेलेस्त्र हिच्या नातेवाइकांनी त्याच्यावर फूस लावल्याची तक्रार गुदरली. ती चांगल्या घरची होती, वडील हयात नव्हते, आणि ती गरोदर होती. तो तेव्हा इंग्रजांची ठाणी जिंकण्यासाठी हडसन उपसागराकडे निघाला होता आणि गव्हर्नरला तो तिथेच हवा होता. खटला लांबत गेला. १६८८ च्या ऑक्टोबरमध्ये वरिष्ठ परिषदेने त्याला दोषी ठरवले आणि शिक्षा काय दिली? जन्मलेल्या मुलीचा पंधरा वर्षांची होईपर्यंतचा खर्च. कायद्यात देहदंड लिहिलेला होता, आणि त्या धाकाने पुष्कळ पुरुष निमूटपणे बोहल्यावर चढत. दिबेर्व्हिलला दोहोंपैकी काहीच करावे लागले नाही. १६९३ मध्ये त्याने दुसरीशी थाटात लग्न केले. झान-जनव्हिएव्ह अविवाहित राहिली.

गोमिनच्या कथा सांगताना हे प्रकरण शेजारी ठेवले पाहिजे असे मला फार वाटते. कायद्याची फट दोघांनी मिळून शोधली तर ती प्रेमकथा होते. एकाच्याच हाती ती असेल तर दुसऱ्याची अब्रू तिच्यातून गळून जाते.

मूळ रहिवाशांशी लग्ने होत होती का?

सुरुवातीला राज्यकर्त्यांनीच प्रोत्साहन दिले, दोन्ही लोक एक व्हावेत म्हणून. अठराव्या शतकात गव्हर्नरांचे मत उलटले. खरी अडचण लग्नाच्या दिवशी नव्हे, वारसाच्या दिवशी येत असे. बेआर्नचा सरदार बॅरन द सां-कास्तँ याने अटलांटिक किनाऱ्यावरच्या अकाडी या फ्रेंच वसाहतीत पेनॉब्स्कॉट जमातीचा प्रमुख मादोकावांडो याच्या मुलीशी लग्न केले. त्याचा मुलगा बेर्नार-आन्सेल्म वडिलांच्या मिळकतीवर हक्क सांगायला फ्रान्सला गेला, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी तो औरस नसल्याचा आक्षेप घेऊन त्याला झुलवत ठेवले. दावा निकाली निघण्याआधीच, १७२० मध्ये, तो वारला.

गुलामांचे काय?

त्यांच्या लग्नाला आईवडिलांची नव्हे, मालकाची परवानगी लागत असे. कॅरिबियन बेटांसाठी १६८५ मध्ये केलेल्या ‘काळ्या संहिते’त, म्हणजे गुलामांविषयीच्या कायद्यात, अविवाहित मालकाने गुलाम स्त्रीशी लग्न करून तिला मुक्त करण्याची वाट ठेवली होती, लुइझियानासाठी १७२४ मध्ये केलेल्या संहितेत गोऱ्या आणि काळ्यांच्या लग्नांना सरळ बंदी आली.

मॉन्ट्रियलची मारी-जोझेफ आंजेलिक ही फ्रांशव्हिल नावाच्या व्यापाऱ्याच्या विधवेची गुलाम होती. क्लोद तिबो या गोऱ्या नोकराशी तिचे सूत जुळले होते, आणि १७३४ च्या हिवाळ्यात दोघांनी पळून जायचा प्रयत्न केला, पकडले गेले. त्याच वर्षी १० एप्रिलला लागलेल्या आगीत शहरातली ४६ घरे जळाली. संशय तिच्यावर आला. यातना दिल्यावर तिने कबुली दिली, पण तिबोचे नाव साथीदार म्हणून घेतले नाही. २१ जूनला तिला फाशी देण्यात आली. तिबो निसटला तो कायमचा. आग तिनेच लावली का, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत.

शेजारीपाजारी गप्प बसत असत का?

मुळीच नाही. १६८३ मध्ये क्वेबेकमध्ये पंचवीस वर्षांच्या एका विधवेने नवरा वारल्यावर तीन आठवड्यांतच दुसरे लग्न केले. लोकांनी रात्री तिच्या दारापुढे ताटल्या-भांडी बडवत ‘शारिव्हारी’चा गोंधळ घातला, तो आठवडाभर चालला. अखेर बिशप लाव्हाल यांना बहिष्काराची धमकी देऊन तो थांबवावा लागला. लग्न कायद्याने वैध होते. पण गावाचा कायदा निराळा होता.

एलिझाबेथ बेगोंचे पुढे काय झाले?

तिचा संसार झाला. क्लोद-मिशेल १७४३ मध्ये त्र्वा-रिव्हिएरचा गव्हर्नर झाला आणि भांडारपालाची मुलगी वसाहतीतल्या पहिल्या चार बायकांत गणली जाऊ लागली. १७४८ मध्ये तो वारला. त्यानंतर तिने लुइझियानात नेमणूक झालेल्या आपल्या विधुर जावयाला रोजनिशीसारखी पत्रे लिहायला घेतली. मॉन्ट्रियलच्या त्या हिवाळ्यातले नाच, त्यांच्याविरुद्ध धर्मगुरूंची प्रवचने, कोणाची सोयरीक कुठे ठरली, सगळे त्यात आहे. ही पत्रे १९३० च्या दशकात उजेडात आली, म्हणून आज ती आपल्याला माहीत आहे.

१७४९ मध्ये वृद्ध वडील आणि लहान नात यांना घेऊन ती फ्रान्सला, सासरच्या माणसांच्या रोशफोरला राहायला गेली. आयुष्यभर जो देश आपला म्हणून मनात धरला होता तिथे तिला परकेच वाटत राहिले. एकतीस वर्षे बेगोंची सून आणि गव्हर्नरची विधवा असूनही तिथे तिला ‘इरोकुआ’ हेच नाव ऐकावे लागले. पत्रे १७५३ पर्यंत चालली. ज्याला ती लिहीत होती तो जावई १७५२ च्या डिसेंबरमध्येच न्यू ऑर्लिन्सला वारला होता, आणि ती बातमी समुद्र ओलांडून येईपर्यंत ती लिहीतच होती.